रात्री आठचं भाषण आणि त्यामागचा कागद

पंतप्रधान आज देशाला उद्देशून बोलणार, अशी पट्टी टीव्हीवर झळकली की भाषण सुरू व्हायच्या आधीच त्यातले 'मुद्दे' व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतात. भाषण संपलं की जे बोललंच गेलं नाही तेही त्यांच्या तोंडी घातलं जातं. दुसऱ्या दिवशी बँकेत, रेशन दुकानात किंवा कर सल्लागाराकडे लोक भांडतात ते या ऐकीव गोष्टींवरून. सरकारप्रमुखाचं बोलणं नीट ऐकायचं कसं, त्याचा मूळ मजकूर कुठे मिळतो आणि त्याच कार्यालयाकडे आपलं म्हणणं पोचवायचं कसं, हे सगळं इथे एकत्र लिहून ठेवतो. पदावर कोणीही असलं तरी पद्धत हीच राहते.

सगळ्यात आधी एक भेद मनात पक्का करा. भाषण वेगळं, भाषणाचा प्रसिद्ध झालेला मजकूर वेगळा आणि त्या भाषणामागचा आदेश वेगळा. भाषणाने हेतू कळतो. कायद्याने बंधन येतं ते आदेशाने, अधिसूचनेने किंवा संसदेने केलेल्या कायद्याने. हे तिन्ही एकाच दिवशी येतीलच असं नाही, आणि आले तरी ते पुढे तसेच राहतील असंही नाही.

नोटबंदीचं उदाहरण घ्या. ८ नोव्हेंबर २०१६ला रात्री ८ वाजता भाषण झालं आणि त्याच तारखेची अर्थ मंत्रालयाची अधिसूचना भारताच्या राजपत्रात एस. ओ. ३४०७ (ई) या क्रमांकाने निघाली. भाषणात सांगितलं होतं की २४ नोव्हेंबरपर्यंत ४,००० रुपयांपर्यंतच्या जुन्या नोटा काउंटरवर बदलून मिळतील आणि २५ नोव्हेंबरपासून ही मर्यादा वाढवली जाईल. प्रत्यक्षात काय झालं? आठवडाभरात मर्यादा ४,५०० झाली, मग १८ नोव्हेंबरपासून ती २,०००वर आली आणि २४ तारखेनंतर काउंटरवरची अदलाबदल बँकांत बंदच झाली. मर्यादा वाढेल या भरवशावर जो थांबला त्याच्याकडे बँकेत खात्यात भरणा करणं एवढाच रस्ता उरला. भाषण ऐकून कामाला लागायचं असेल तर त्यानंतरचे सुधारित आदेश रोज पाहणं भाग आहे, ते यामुळेच.

टाळेबंदीच्या वेळी अडचण दुसरी होती. २४ मार्च २०२०ला रात्री ८ वाजता २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, ती मध्यरात्रीपासून लागू होणार होती. किराणा, दूध, भाजी, औषधं यांचं काय, हा प्रत्येक घरातला पहिला प्रश्न होता. त्याचं तपशीलवार उत्तर होतं गृह मंत्रालयाच्या त्याच तारखेच्या आदेशाला जोडलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये. रेशन दुकानं, किराणा, फळं-भाजी, दूध केंद्रं उघडी राहतील असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. ज्यांनी तो कागद पाहिला नाही ते त्या रात्री दुकानांपुढे रांगेत उभे राहिले. १२ मे २०२०च्या भाषणात २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं, पण कुणाला किती आणि कशा स्वरूपात हे अर्थमंत्र्यांनी १३ ते १७ मे असे सलग पाच दिवस पत्रकार परिषदा घेऊन सांगितलं. पहिल्या रात्री त्या आकड्यावर घातलेले वाद म्हणूनच बिनबुडाचे होते, दोन्ही बाजूंचे.

कृषी कायद्यांच्या बाबतीतही हेच. १९ नोव्हेंबर २०२१ला सकाळी ९ वाजता कायदे मागे घेत असल्याची घोषणा झाली. पण कायदा भाषणाने रद्द होत नाही. संसदेने निरसनाचं विधेयक २९ नोव्हेंबरला मंजूर केलं आणि राष्ट्रपतींची संमती ३० नोव्हेंबरला मिळाली. तोपर्यंत ते कायदे कागदावर होतेच.

आणि सगळ्यात लांब साखळी जीएसटीची. १५ ऑगस्ट २०२५ला लाल किल्ल्यावरून करकपातीचं सूतोवाच झालं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीत दर ठरले. १७ सप्टेंबरला केंद्राच्या अधिसूचना निघाल्या. २१ सप्टेंबरला संध्याकाळी ५ वाजता पंतप्रधान बोलले आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. एखाद्या दुकानदाराला कुठल्या वस्तूवर किती कर लावायचा हे यातल्या दोन्ही भाषणांत सापडणार नाही. ते १७ तारखेच्या अधिसूचनेच्या अनुसूचीत आहे. राज्याची स्वतंत्र अधिसूचनाही असते, ती वेगळी पाहावी लागते.

राजपत्र शोधायचं संकेतस्थळ आहे ईगॅझेट डॉट गव्ह डॉट इन. तिथे शोधताना मंत्रालय, तारीख आणि राजपत्राचा प्रकार निवडावा लागतो. तातडीच्या अधिसूचना जवळजवळ नेहमी 'असाधारण' राजपत्रात असतात, त्यामुळे 'साप्ताहिक'मध्ये शोधून काही मिळालं नाही म्हणून आदेश निघालाच नाही असा निष्कर्ष काढू नका. अधिसूचनेचा क्रमांक हाती असेल तर काम दोन मिनिटांत होतं. तो क्रमांक बहुधा त्या मंत्रालयाच्या प्रसिद्धिपत्रकात असतो. टाळेबंदीसारखे गृह मंत्रालयाचे काही आदेश मात्र पत्राच्या स्वरूपात निघतात, ते थेट मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहावेत.

ऐकण्याची तयारी

पंतप्रधानांच्या बोलण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाची नोंद वेगळ्या ठिकाणी राहते. राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणाची ठरलेली तारीख नसते. कधी रात्री ८, कधी संध्याकाळी ४ किंवा ५, तर कधी सकाळी ९. पंतप्रधान कार्यालयाच्या अधिकृत खात्यावर बहुतेक वेळा काही तास आधी सूचना येते. लाल किल्ल्यावरचं भाषण १५ ऑगस्टच्या सकाळी ध्वजारोहणापाठोपाठ, म्हणजे साधारण साडेसातनंतर सुरू होतं. २०२५चं भाषण १०३ मिनिटं चाललं, तेव्हा वेळ राखून बसा. (स्वतंत्र भारतात लाल किल्ल्यावर पहिल्यांदा तिरंगा फडकला तो १६ ऑगस्ट १९४७ला. नेहरूंचं मध्यरात्रीचं प्रसिद्ध भाषण झालं संविधान सभेत, लाल किल्ल्यावर नाही. ही गल्लत दरवर्षी होते.) १४ ऑगस्ट आणि २५ जानेवारीच्या संध्याकाळचं भाषण राष्ट्रपतींचं असतं. ते राष्ट्रप्रमुखाचं भाषण झालं, सरकारप्रमुखाचं नाही, आणि त्याचा मजकूर राष्ट्रपती सचिवालयाच्या नावाने निघतो.

'मन की बात' ३ ऑक्टोबर २०१४ला, विजयादशमीच्या दिवशी सुरू झाली. महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी ११, ही आता रूढ झालेली वेळ. पण तिला अपवाद आहेत. बराक ओबामांसोबतचा भाग २७ जानेवारी २०१५ला मंगळवारी रात्री प्रसारित झाला. २०२०च्या जानेवारीत शेवटचा रविवार २६ तारखेला आला, तेव्हा प्रसारण संध्याकाळी ६ वाजता झालं. २०२५मध्ये पुन्हा तोच योग आला, तेव्हा भाग आठवडाभर आधी, १९ जानेवारीला घेतला. जानेवारीचा शेवटचा रविवार प्रजासत्ताक दिनी येत असेल तर वेळ आधी तपासा.

भागांच्या क्रमांकाचा गोंधळ नेहमी होतो, कारण लोकसभा निवडणुकीच्या काळात कार्यक्रम थांबतो. ५३वा भाग २४ फेब्रुवारी २०१९ला झाला आणि ५४वा थेट ३० जून २०१९ला. ११०वा २५ फेब्रुवारी २०२४ला, १११वा ३० जून २०२४ला. भर म्हणजे २०१९नंतर बऱ्याच पत्रकांत 'मन की बात २.०' अशी नवी मोजणीही दिली गेली, त्यामुळे जून २०१९चा भाग एका ठिकाणी ५४वा दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी पहिला. शोधताना क्रमांकापेक्षा महिना आणि वर्ष वापरणं शहाणपणाचं. क्रमांक हवाच असेल तर जून २०२४ला १११ धरून पुढे महिने मोजा. जानेवारी २०२५ म्हणजे ७ महिने पुढे, म्हणून ११८वा.

मराठीतून ऐकायचं असेल तर हिंदी प्रसारण संपल्या संपल्या आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रं मराठी अनुवाद लावतात आणि रात्री ८ वाजता तो पुन्हा ऐकता येतो. मध्यम लहरींवर पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झला, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ला आणि नागपूर ५८५ला अशी ओळख आहे. मध्यम लहरींवर खरखर आली की लोक केंद्राला दोष देतात, पण बहुतेक वेळा कारण घरातच असतं. एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, वाय-फायचा अडॅप्टर यांपैकी काहीतरी जवळ चालू असतं. ते एकेक करून बंद करा. मग रेडिओ उचलून आडवा फिरवा. मध्यम लहरींची अँटेना ही आतली फेराइटची कांडी असते आणि तिला दिशा लागते. पाव वळणातही आवाज स्वच्छ होतो. बाहेरची दांडी एफएम आणि लघुलहरींसाठी असते, ती ओढून इथे उपयोग नाही.

रेडिओचा एक मोठा फायदा म्हणजे तो थेट असतो. मोबाइलवरचं प्रक्षेपण त्यापेक्षा मागे चालतं, कधी काही सेकंद तर कधी अर्ध्या मिनिटाहून जास्त. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एकत्र ऐकायचं असेल आणि एकीकडे रेडिओ, दुसरीकडे यूट्यूब लावलं, तर दोन आवाजांची भेसळ होते. एकच साधन ठेवा. टीव्हीसाठी डीडी फ्री डिशवर महिन्याचं भाडं लागत नाही आणि डीडी न्यूज तिथे मिळतं. प्रसार भारतीचं 'वेव्ह्ज' हे अ‍ॅप नोव्हेंबर २०२४मध्ये आलं, त्यावरही दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात.

यूट्यूबवर पाहताना कार्यालयाची वाहिनी, पंतप्रधानांची वैयक्तिक वाहिनी आणि दूरदर्शनची वाहिनी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पद संस्थेचं असतं आणि माणूस बदलतो. वैयक्तिक खातं माणसाबरोबर जातं. कार्यालयाच्या ट्विटर खात्याबाबत हा प्रश्न मे २०१४मध्ये उघडपणे आला. जानेवारी २०१२मध्ये, मनमोहन सिंग यांच्या काळात सुरू झालेल्या त्या खात्यावरचा जुना मजकूर वेगळ्या संग्रह-खात्यात गेला आणि मूळ नाव नव्या सरकारने वापरायला घेतलं. म्हणून २०१३ची एखादी नोंद आजच्या खात्यावर शोधाल तर मिळणार नाही. जुन्या पंतप्रधानांच्या संकेतस्थळांचा संग्रह आर्काइव्हपीएमओ डॉट एनआयसी डॉट इन इथे आहे. वाजपेयी आणि मनमोहन सिंग यांची भाषणं तिथे तारखेनुसार वाचता येतात. अभ्यासकांनी हा पत्ता जपून ठेवावा, कारण साध्या शोधात तो वर येत नाही.

भाषणातला एखादा उतारा वेळेसह नोंदवायचा असेल तर थेट प्रक्षेपण चालू असताना दिसलेली वेळ लिहू नका. सुरुवातीला बराच वेळ नुसता फलक किंवा रिकामा मंच दिसत राहतो आणि नंतर तो भाग कापला की सगळ्या वेळा सरकतात. दुसऱ्या दिवशी कायम राहिलेल्या चित्रफितीवरून वेळ घ्या आणि सोबत आजूबाजूचं पूर्ण वाक्य लिहून ठेवा. यूट्यूबचा आपोआप तयार होणारा मजकूर हिंदी आकड्यांमध्ये सर्रास चुकतो. 'डेढ़' आणि 'ढाई', 'उनतीस' आणि 'उनचास', 'लाख' आणि 'लाख करोड़' इथे विशेष सांभाळा. आकडा कानाने दोनदा ऐका, मग पत्र सूचना कार्यालयाच्या (केंद्राची प्रसिद्धिपत्रकं काढणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) मजकुराशी ताडून पाहा.

मूळ मजकूर कुठला धरायचा

पत्र सूचना कार्यालय, म्हणजे पीआयबी, हा इथला मुख्य स्रोत. संकेतस्थळावर सर्व प्रसिद्धिपत्रकांच्या पानावर जा, मंत्रालयाच्या यादीत पंतप्रधान कार्यालय निवडा, मग दिवस, महिना, वर्ष. 'मन की बात'चा हिंदी मजकूर बहुतेक वेळा प्रसारणानंतर लगेच येतो. मराठी अनुवाद मुंबई कार्यालयातून निघतो आणि त्याला थोडा वेळ लागतो. मराठी हवा असेल तर भाषा मराठी आणि कार्यालय मुंबई असं दोन्ही बदलावं लागतं. नुसती भाषा बदलून यादी रिकामी दिसली की लोक तिथेच सोडून देतात.

प्रत्येक पत्रकाला स्वतःचा पीआरआयडी क्रमांक असतो. त्याच भाषणाच्या हिंदी, इंग्रजी आणि मराठी मजकुराचे क्रमांक वेगवेगळे असतात, त्यामुळे संदर्भ देताना भाषा आणि क्रमांक दोन्ही लिहा. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. हिंदी भाषणाच्या इंग्रजी मजकुराखाली किंवा वर एक खुलासा असतो, की हा भाषणाचा अंदाजे अनुवाद आहे आणि मूळ भाषण हिंदीत झालं. शब्दाशब्दावरून वाद असेल तर इंग्रजी किंवा मराठी अनुवादावर भांडू नका. हिंदी मजकूर उघडा, त्यावरही समाधान नसेल तर चित्रफीत. बोलताना झालेली चूक छापील मजकुरात कधी दुरुस्त झालेली असते, तेव्हा 'काय बोलले' याचा पुरावा ध्वनिफीतच.

कधीकधी भाषण टीव्हीवर पाहिलेलं असतं आणि पीआयबीवर ते सापडतच नाही. कारण सोपं आहे. ते भाषण पक्षाच्या सभेतलं असतं. सरकारी यंत्रणा सरकारी कार्यक्रमांची भाषणं प्रसिद्ध करते, प्रचारसभांची नाही. ती पक्षाच्या किंवा नेत्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधावी लागतात. संसदेतल्या भाषणाचा तिसरा मार्ग. संसद टीव्हीवर (१५ सप्टेंबर २०२१पासून लोकसभा आणि राज्यसभा या दोन वाहिन्यांची मिळून झालेली) चित्रफीत आणि संसद डॉट इन या संकेतस्थळावर कामकाजाचा मजकूर. सुरुवातीचा मजकूर असंशोधित असतो आणि अध्यक्षांनी काढून टाकायला सांगितलेले शब्द त्यात नसतात. सभागृहात ऐकलेलं एखादं वाक्य छापील नोंदीत का दिसत नाही, याचं उत्तर अनेकदा हेच असतं.

भाषणांइतकाच वाचण्यासारखा पण दुर्लक्षित राहिलेला प्रकार म्हणजे 'प्रगती' बैठकांची पत्रकं. मार्च २०१५मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत पंतप्रधान दूरदृश्य प्रणालीने केंद्राचे सचिव आणि राज्यांचे मुख्य सचिव यांच्यासोबत रखडलेल्या प्रकल्पांचा आढावा घेतात. त्यासाठी महिन्यातला चौथा बुधवार, दुपारी साडेतीन अशी वेळ ठरवलेली आहे, प्रत्यक्षात ती पुढेमागे होते. किती प्रकल्प, कुठल्या राज्यांतले, एकूण किती कोटींचे, हे पत्रकात असतं. आपल्या भागातला रेल्वेमार्ग किंवा महामार्ग वर्षानुवर्षं अडला असेल तर त्याचं नाव कधी या यादीत आलं होतं का, हे जरूर शोधावं. तक्रार लिहिताना तो फार मोलाचा संदर्भ ठरतो.

बनावट मजकुराचं पाहायचं तर आवाज आणि ओठ जुळवून केलेल्या खोट्या चित्रफिती आता चेहऱ्यावरून ओळखणं कठीण झालं आहे. उलट दिशेने जा. ज्या तारखेचं भाषण म्हणून ती फिरते त्या तारखेला पीआयबीवर किंवा अधिकृत वाहिनीवर काही आहे का ते पाहा. भाषणात गुंतवणूक योजना, मोफत रिचार्ज किंवा अर्जाची लिंक असेल तर ते खोटं समजा. दुवा गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इनने संपतो का हे शेवटापासून वाचा. मध्येच 'गव्ह' हा शब्द घुसवलेले पत्ते पुष्कळ असतात. पीआयबीचा तथ्य तपासणी विभाग २०१९च्या नोव्हेंबरपासून चालू आहे, तिथेही विचारता येतं.

आपलं म्हणणं पाठवताना

'मन की बात'साठी सूचना तीन वाटांनी जातात. मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावरचा त्या महिन्याचा खुला मंच, १८००-११-७८०० या निःशुल्क क्रमांकावर हिंदी किंवा इंग्रजीत ध्वनिमुद्रण, आणि नमो अ‍ॅप. यातलं नमो अ‍ॅप सरकारी नाही, हे लक्षात ठेवून त्यात किती माहिती द्यायची ते ठरवा. १९२२ला मिस्ड कॉल दिला की सूचना पाठवायचा दुवा एसएमएसने येतो. फोनची सोय महिनाभर चालू नसते, प्रसारणाआधी काही दिवसांपुरतीच उघडते, आणि प्रसारणाआधीच्या शुक्रवारी रात्री जागं होऊन उपयोग नाही. मायगव्हवर लिहिलेलं सगळ्यांना दिसतं, म्हणून त्यात फोन नंबर किंवा आधार क्रमांक टाकू नका. सूचना निवडली जायची शक्यता वाढवायची असेल तर ठोस लिहा. गाव कुठलं, काम काय, किती वर्षं, किती लोक, काय बदललं. कौतुकाचे चार परिच्छेद आणि कामाची एक ओळ अशा मजकुरातून काहीच हाती लागत नाही.

तक्रार ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, ती मायगव्हवर टाकू नका. पंतप्रधान कार्यालयाच्या संकेतस्थळावर पंतप्रधानांना लिहिण्याचा दुवा आहे, तो केंद्राच्या तक्रार निवारण प्रणालीत, म्हणजे सीपीग्राम्समध्ये, उघडतो. तिथला मजकूर ४,००० अक्षरांत बसवावा लागतो. देवनागरीत काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून मराठीत हे जेमतेम ५०० ते ६०० शब्द होतात. आधी दुसरीकडे लिहून, मोजून, मग चिकटवा. सादर केल्यावर पीएमओपीजी, मग ई, वर्ष आणि अंक असा नोंदणी क्रमांक मिळतो. हा क्रमांक नाही तर काहीच नाही, लगेच उतरवून ठेवा.

लोकांचा सगळ्यात मोठा भ्रम इथे असतो. पंतप्रधान कार्यालय स्वतः तुमचं पेन्शन सुरू करत नाही की रस्ता दुरुस्त करत नाही. तक्रार वाचून ती संबंधित मंत्रालयाकडे किंवा राज्याकडे पाठवली जाते, आणि तिथून ती खाली उतरत पुष्कळदा त्याच कचेरीत पोचते जिच्याविरुद्ध ती आहे. म्हणून ती अशी लिहा की तिसऱ्या माणसाने वाचली तरी टाळता येऊ नये. पहिल्या वाक्यात मागणी: 'अमुक महिन्यापासून थांबलेलं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करावं.' दुसऱ्यात कार्यालयाचं पूर्ण नाव आणि शाखा. मग तारखांसह आधीचे अर्ज आणि त्यांचे आवक क्रमांक. मग कुठल्या नियमाने किंवा आदेशाने हक्क आहे. कागद पीडीएफमध्ये, सुवाच्य. एका तक्रारीत एकच विषय. बँक, वीज आणि जमीन एकत्र लिहिली की ज्या विभागाकडे जाईल तो आपला भाग सोडून बाकीचं 'आमच्या अखत्यारीत नाही' म्हणून बंद करतो.

काही विषय इथे घेतलेच जात नाहीत: न्यायप्रविष्ट प्रकरणं, माहिती अधिकाराचे वाद, धार्मिक बाबी, नुसत्या सूचना, आणि सरकारी नोकरांच्या सेवाविषयक तक्रारी, जोवर त्यांनी आपल्या खात्यातला ठरलेला मार्ग संपवलेला नाही. सातबारा, फेरफार, तलाठी, महापालिकेचं पाणी, पोलीस ठाणं हे राज्याचे विषय. ते दिल्लीला पाठवले तर फिरून मुंबईला, तिथून जिल्ह्याला येतात आणि मधले दिवस फुकट जातात. त्यासाठी महाराष्ट्र शासनाच्या 'आपले सरकार'वरच सुरुवात करावी.

केंद्राने निवारणाची मुदत २०२४च्या ऑगस्टमध्ये ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आणली. राज्याकडे गेलेल्या तक्रारीला हीच घाई होईल असं मात्र गृहीत धरू नका. तक्रार 'निकाली' दिसली की आधी उत्तर वाचा. नुसतं 'संबंधितांना कळवलं आहे' असं असेल तर अभिप्रायात असमाधान नोंदवा आणि ३० दिवसांच्या आत अपील करा. लोक इथे चूक करतात ती म्हणजे अपील सोडून तीच तक्रार नव्याने टाकतात. ती जुन्या उत्तराचा हवाला देऊन पुन्हा बंद होते. अपिलात नवी कहाणी लिहू नका. उत्तरातलं कुठलं वाक्य चुकीचं आणि कुठला कागद ते खोटं ठरवतो, एवढंच लिहा.

टपालाने पत्र पाठवायचं असेल तर कार्यालयाचा पत्ता पाठवण्याच्या दिवशी संकेतस्थळावर पाहून घ्या. जुन्या मार्गदर्शिकांमधला पत्ता उतरवू नका. पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या रस्त्याचं नावही २०१६मध्ये रेसकोर्स रोडवरून लोक कल्याण मार्ग झालं, तरी अजून जुन्या पत्त्यावर पत्रं लिहिली जातात. पत्र रजिस्टर्ड किंवा स्पीड पोस्टने, सोबत मोबाइल क्रमांक. कागदी पत्राचाही नोंदणी क्रमांक होतो आणि तो ऑनलाइन तपासता येतो.

माहिती अधिकाराचा अर्ज करण्याआधी कार्यालयाच्या संकेतस्थळावर एक फेरी मारा. पंतप्रधानांचे परदेश दौरे, देशांतर्गत दौरे, मंत्रिपरिषदेच्या सदस्यांची मालमत्तेची विवरणं हे तिथे आधीच ठेवलेलं आहे. त्यापलीकडचं हवं असेल तर आरटीआय ऑनलाइन पोर्टलवर पंतप्रधान कार्यालय निवडून १० रुपये शुल्कासह अर्ज करा. मजकुराची मर्यादा ३,००० अक्षरं. ओळखीचा पुरावा म्हणून आधार किंवा पॅन जोडू नका, पोर्टलवरच तशी सूचना आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क नाही, त्यांनी फक्त तो दाखला जोडायचा. प्रश्न 'का' असा विचारू नका. कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते, मत किंवा खुलासा नाही. 'अमुक क्रमांकाची तक्रार कुठल्या तारखेला, कोणाकडे पाठवली, त्या पत्राची प्रत द्यावी' असा प्रश्न टिकतो. पण तक्रार पुढे गेल्यावर तिची फाइल तिथल्या कार्यालयात असते. पुढच्या कार्यवाहीच्या टिपण्या हव्या असतील तर अर्ज त्या मंत्रालयाकडे करा. पंतप्रधान कार्यालयाकडे केलात तर तो कलम ६(३)खाली वर्ग होईल आणि वेळ जाईल. राज्याच्या कार्यालयाकडे असेल तर केंद्राचं पोर्टल चालत नाही, महाराष्ट्राचं वेगळं आहे.

उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच पोर्टलवर पहिलं अपील, त्याला शुल्क नाही. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील. त्या सुनावणीसाठी दिल्लीला जावं लागत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, कार्यालयात दूरदृश्य प्रणालीने हजर राहता येतं. जाताना मूळ अर्ज, उत्तर, पहिलं अपील आणि त्यावरचा आदेश या चार कागदांचे दोन संच तारखेच्या क्रमाने लावून न्या.